दुसरा खिळा

"हेमा, अक्का कधी गेली?"

वारंगळहून नवऱ्याचा फोन होता. मागं दुकानातली भट्टी घरघरत होती आणि त्याला धड बोलताही येत नव्हतं. हुंदका गिळून त्यानं पुन्हा तेच विचारलं.

"कुठं गेल्या? इथंच आहेत की," मी म्हटलं. "शिरा खातायत."

पलीकडं क्षणभर नुसती भट्टी ऐकू आली.

"कोण खातंय?"

"अक्का. दुसऱ्यांदा घेतलाय. साखर कमी पडली म्हणाल्या, तरी घेतलाय."

तरीही मी दारातून डोकावून खात्री करून घेतली. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सोप्यात भिंतीला पाठ टेकून, मांडीवर बशी घेऊन बसल्या होत्या आणि शिऱ्यातले बेदाणे चमच्यानं कडेला सारत होत्या. बेदाणे त्या शेवटी एकदम खायच्या. त्या दिवशी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता.

"तिला दे फोन," अजित म्हणाला.

अक्कांनी फोन कानाला लावला. "काय रं? हाय की. मला काय धाड भरलीय? अरं, पण रडतोस कशाला? हाय मी, हाय. जेवलास का?" मग फोन माझ्याकडं परत दिला आणि जरा बावरून म्हणाल्या, "एवढं रडायला काय झालं त्याला?"

अक्का आता नाहीत. या वेळी खरंच नाहीत. आमच्या पै-पाहुण्यांत हे मला अजूनही दोन-दोनदा सांगावं लागतं, आणि त्याला कारण त्या सकाळचा गोंधळ.

आमच्या विट्याकडं घरटी एक तरी माणूस बाहेर असतो. सोनं-चांदी गाळायचा धंदा, आम्ही त्याला गलाई म्हणतो, तो माणसांना सेलम, वारंगळ, कानपूर, गुवाहाटी असा कुठंही नेऊन टाकतो. मागं राहतात बायका, म्हातारी माणसं आणि कुलपं. आमच्या घरात तेव्हा आम्ही दोघीच होतो. मोबाइल आले तशी सगळी भावकी आणि सोयरीक त्यात राहायला आली. ग्रुपचं नावच 'पै-पाहुणे'. त्याचा कारभार सेलमच्या संपतभाऊजींकडं, म्हणजे अजितच्या चुलतभावाकडं. सकाळी उठल्या उठल्या फुलांचा फोटो टाकायचा ते त्यांनी, आणि कुणी गेल्याचं कळलं की सगळ्यात आधी हात जोडायचे तेही त्यांनीच. त्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

मी ग्रुप उघडला. सगळ्यात वर अक्कांचा फोटो होता. फोटोचा फोटो म्हणा. सोनेरी चौकट, भिंतीवर टांगलेली, आत अक्का डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या आणि चौकटीला झेंडूचा घवघवीत हार. खाली एक अक्षर नाही. आणि पाठवला होता अक्कांच्याच फोनवरून.

हार घातलेला फोटो, खाली मजकूर नाही. आपल्याकडं याचा दुसरा अर्थ होत नाही. घरातल्या कुणीतरी रडत रडत टाकला असणार, लिहायचं बळ राहिलं नसणार, असं सगळ्यांनी आपापल्या मनाशी धरलं. संपतभाऊजींनी सवयीप्रमाणं पहिला नंबर लावला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली', अक्षरांच्या दोन्ही बाजूंना पणत्या. त्याखाली तेच, पुन्हा तेच, जोडलेले हात, मिटलेलं कमळ. कानपूरच्या विलासनं कुठलातरी तयार मजकूर चिकटवला होता, 'आमचे आधारवड तात्या आज आपल्यातून निघून गेले'. नाव बदलायचं राहून गेलं होतं. पुण्याच्या भाऊंनी अंगठा टाकला होता. ते सगळ्यालाच अंगठा टाकतात.

"अक्का, हा फोटो तुम्ही टाकलात?"

"मीच टाकला. का, हालला व्हय?"

"हालला नाही. पण जित्या माणसाच्या फोटोला कुणी हार घालतं का?"

"मग कुठं घालू? काल भजनी मंडळाच्या बायांनी एवढ्या हौसेनं फोटो करून दिला, एवढा हार घातला. उकिरड्यावर टाकून देऊ?" त्यांनी भिंतीकडं हात केला. "आन् घरात दुसरा खिळा कुठाय?"

आता काय बोलावं? त्यांच्या बोलण्यात खोट काढायची म्हटलं तर निघाली असती, पण वाढदिवसाच्या दिवशी सासूशी खिळ्यावरून कोण वाद घालतं?

"थांबा, आधी मी लिहिते, सुखरूप आहात म्हणून," मी म्हटलं.

"थांब." त्यांनी माझं मनगट धरलं. "आधी वाच. काय काय लिवलंय?"

"अक्का, लोक रडतायत तिकडं."

"रडू दे घटकाभर. मी गेल्यावर मला कोण वाचून दाखवणार हाय?"

त्यांनी बशी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि पोथी ऐकायला बसावं तशा सावरून बसल्या. मी वाचायला लागले. पणत्या आणि कमळं सोडून माणसांनी स्वतःच्या मनानं लिहिलेलं त्यात थोडंच होतं, पण होतं.

"'अक्कांच्या दारातून कुणी कधी उपाशी गेलं नाही.'"

"कोण हे?"

"बेळगावच्या शोभावन्सं."

"शोभी? माझ्यावर रुसून गेलती ती. शेवयाची खीर तशीच टाकून." पण चेहरा खुलला होता. "बरं लिवलंय. पुढं?"

"हा गुवाहाटीचा प्रकाश. 'दहावीला मी अक्काकडं राहायला होतो. पहाटे माझ्याआधी उठून ती पाणी तापवून द्यायची आणि मी अभ्यासाला बसलो की शेजारी वाती वळत बसायची, मला झोप लागू नये म्हणून. मी पास झालो तो तिच्यामुळं. तिला कधी सांगितलं नाही.'"

अक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला, पुन्हा काढला.

"सांगायचं की मग," शेवटी म्हणाल्या. "तोंड शिवलं होतं काय त्याचं?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. मग त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दिन्यानं काय लिवलंय?"

मी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मामांचं काही नाही."

"नीट बघ."

"नाही, अक्का."

दिनकरमामा म्हणजे अक्कांचा पाठचा एकुलता एक भाऊ. हुबळीला असायचे. मी त्यांना एका जुन्या फोटोशिवाय कधी बघितलं नव्हतं, कारण जे घडलं ते माझ्या लग्नाआधीचं. अक्कांची आई शेवटी शेवटी अक्कांकडंच होती. मामांनी तेव्हा सेलमला नवीन दुकान टाकलं होतं. त्यांच्या शेजारच्या दुकानात फोन होता. म्हातारी गेल्यावर त्या फोनवर निरोप दिला, तो त्यांच्यापर्यंत उशिरा पोचला, आणि चैत्रातल्या उन्हात इथं वाट बघायला कुणी तयार होईना. मामा पोचले ते राख सावडायच्या दिवशी. रस्त्यावर उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, "नेलं?" मग अक्कांना म्हणाले, "आईचं तोंडसुद्धा बघू दिलं न्हाईस." आणि पाणीही न घेता उंबऱ्यावरून मागं वळून म्हणाले, "जातो."

आपण कधी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो. कडेवरचं पोर 'जातो' म्हणालं तरी त्याला टोकतो. मामा 'जातो' म्हणाले आणि त्यानंतर या दारात आले नाहीत. अक्कांनी निरोप धाडले, अजितच्या लग्नाची पत्रिका माणूस पाठवून दिली. भाऊबीजेला ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. भाऊ असून चंद्राला ओवाळणारी बाई मी एकच बघितली.

मग मामांच्या मुलानं त्यांना 'पै-पाहुणे'मध्ये घातलं. ते त्यात कधी एक अक्षर लिहायचे नाहीत. पण आपण टाकलेलं कुणी कुणी बघितलं, ते फोटोवर बोट दाबून धरलं की दिसतं, हे मी अक्कांना शिकवलं आणि त्यांना एक उद्योगच मिळाला. लिहायला त्यांना जमायचं नाही, फोनवरची अक्षरं बोटाला सापडायची नाहीत. पण रोज सकाळी एक फोटो टाकायच्या. टम्म फुगलेली भाकरी, दारातली जास्वंद, चुलीपाशी झोपलेलं मांजर. पुण्याच्या भाऊंच्या अंगठ्याशिवाय त्यावर कधी काही येत नसे. अक्कांना त्याचं काही नव्हतं. त्या बोट दाबून नावांची रांग बघायच्या आणि दिनकर दिसला की फोन ठेवून द्यायच्या. "बघतोय. बघतोय म्हंजे बरा हाय," एवढंच बोलून कामाला लागायच्या.

त्या दिवशीही त्यांनी हारवाल्या फोटोवर बोट दाबलं. रांगेत दिनकर होता. अगदी वरच होता.

"बघितलंय त्यानं," अक्का म्हणाल्या.

तेवढ्यात अजितचा मेसेज ग्रुपवर पडला. 'अक्का ठणठणीत आहे. मी स्वतः बोललो. गैरसमज नसावा.' आणि मग एक मजेशीर गोष्ट सुरू झाली. म्हणजे मला ती आधी मजेशीर वाटली. संपतभाऊजींची श्रद्धांजली गायब झाली आणि तिथं ओळ आली, 'हा मेसेज डिलीट केला आहे.' मग विलासचे तात्या गेले. मग पणत्या, कमळं, हात. बघता बघता वरपासून खालपर्यंत तीच एक ओळ झाली. पुण्याच्या भाऊंचा अंगठा तेवढा राहिला, आणि त्याखाली केकचे फोटो यायला लागले.

अक्का फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या.

"हेमा, गेलं कुठं सगळं?"

"पुसलं त्यांनी. चूक झाली ना त्यांची."

"शोभीचं?"

"तेही."

"आन् प्रकाशचं? पहाटेच्या पाण्याचं?"

"तेही पुसलंय, अक्का."

त्या फोनकडं बघत राहिल्या. "ते खरं होतं की गं," म्हणाल्या. "मी मेले न्हाई म्हणून ते खोटं झालं व्हय?"

मी प्रकाशला फोन लावून द्यायचा प्रयत्न केला, तो लागला नाही. लागला असता तर त्या काय बोलल्या असत्या कोण जाणे.

मामांचा फोन तर बंदच होता. मी तीनदा-चारदा लावला. अक्कांनी शिऱ्याची बशी हातात धरून माझ्याकडून स्वतःचा फोटो काढून घेतला, जिवंतपणाचा पुरावा म्हणून, आणि ग्रुपवर टाकला. दर थोड्या वेळानं बोट दाबून बघायच्या. सगळी नावं आली, पार गुवाहाटीपर्यंतची. दिनकर नाही.

"त्याला पोचलाच न्हाई," म्हणायच्या. मग जरा वेळानं, "हार बघितला त्यानं. बघितला आन् फोन बंद केला."

दुपारी मी पुरणपोळी केली. अक्का पानावर बसल्या, एक घास तोंडात घातला आणि ताट सरकवलं.

"मी मेले असं वाटलं त्याला. तरी दोन शब्द लिवावं वाटलं न्हाई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "संपानं लिवलं. ज्या विलासला मी धड ओळखत न्हाई त्यानं लिवलं. माझ्या पाठच्या भावानं न्हाई लिवलं. संपलं, हेमा. आता न्हाई यायचा तो."

त्या भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या. मला त्या न बघितलेल्या मामांचा असा राग आला की समोर असते तर वयाचा मान ठेवला नसता. माणूस रोज फोटो बघतो, भाकरी बघतो, मांजर बघतो, आणि बहिणीच्या गळ्यात हार बघून फोन बंद करतो. ही कसली माया?

ऊन कलायला लागलं तेव्हा मी उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसले होते. कोपऱ्यावर रिक्षा थांबली. एक म्हातारा माणूस उतरला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, छातीशी कापडदुकानाची पिशवी धरलेली. गल्लीत शिरताना भराभर चालत होता, पण आमच्या घराजवळ आला तशी चाल मंदावली. त्यानं घराकडं बघितलं, गल्लीत पुढं-मागं बघितलं. दारात माणसं नव्हती, बसायला सतरंजी नव्हती, कुणी रडत नव्हतं. तो रस्त्यातच थांबला. माझ्याकडं न बघता, जमिनीकडं बघून त्यानं विचारलं,

"नेलं?"

नाक हुबेहूब अक्कांचं होतं. सकाळपासून साठवलेला राग कुठं गेला ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी तांदळाचं ताट खाली ठेवून उठले.

"या वेळी बी उशीरच झाला व्हय मला?" ते म्हणाले.

"कोण हाय गं?" आतून अक्कांचा आवाज आला.

मामांनी मान वर केली. डोक्यावरची टोपी काढली आणि आमच्या पायरीवर, तांदळाच्या ताटाशेजारीच, मटकन खाली बसले. अक्का दारात आल्या. चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

"दिन्या?"

"अक्का, तू हाईस?"

"हाय की."

सत्तरीचा माणूस पायरीवर बसून मोठमोठ्यानं रडला. शेजारच्या शारदाकाकूंनी खिडकी उघडली आणि शहाण्यासारखी परत लावून घेतली. अक्का तिथंच उंबऱ्यावर बसल्या. रडणाऱ्या भावाच्या पाठीवरनं हात फिरवत राहिल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पाणी आण. रिकामं बघत काय बसलीस?"

मामा तांब्याभर पाणी प्याले. या घरचं पाणी.

"फोन का बंद केलास?" अक्कांनी विचारलं.

"सकाळी फोटो बघितला. तवर फोन सुरू झाले. 'कळलं का, कळलं का.' जो तो तेच विचारतोय. मला ऐकवंना, बंदच करून टाकला. कराडपतोर एक गाडी, तिथनं दुसरी."

"आन् दोन शब्द लिवायला काय झालं होतं?"

मामांनी बहिणीकडं असं बघितलं की हा काय प्रश्न झाला. "लिवत बसलो असतो तर गाडी चुकली असती. एकदा उशीर केलाय मी. परत तेच करू?"

अक्कांनी तोंडाला पदर लावला.

"आईनं तुला शपथ घातलती," मामा खाली बघून म्हणाले. "मी नवीन दुकान सोडून येईन म्हणून, तिच्या दुखण्याचं मला कळवू नको म्हणून. ते मला त्याच वर्षी कळलं. तुझा काय दोष नव्हता, अक्का."

"त्याच वर्षी कळलं? मग यायला काय झालं होतं तुला?"

"'जातो' म्हणून गेलेला माणूस. कुठल्या तोंडानं येणार?"

"कुठल्या तोंडानं म्हंजे? हाय त्याच तोंडानं यायचं. दुसरं कुठनं आणणार हाईस?"

मामा रडता रडता हसले. मला वाटलं, आता सगळं निवळलं. तेवढ्यात अक्कांची नजर पिशवीकडं गेली. ती मामांनी पाठीमागं सरकवली होती.

"काय हाय त्यात?"

"काय न्हाई."

"बघू."

"अक्का, नगं. ते चांगलं न्हवं."

मला कळलं. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, आणि ते आणायचं काम भावाचं. मामा रिकाम्या हातानं आले नव्हते. वाढदिवसाच्या दिवशी घरात हे असलं आलेलं मला बघवेना. मी पिशवी उचलायला पुढं झाले, पण अक्कांनी ती आधीच ओढून घेतली होती.

आत इरकल होती. अंजिरी रंगाची, लाल काठांची. अक्कांनी ती मांडीवर घेतली आणि घडीवरून हात फिरवला.

"अंजिरी?"

"कराडला गाडी बदलताना घेतली. दुकानदारानं पांढऱ्या काढल्या पुढ्यात. माझं तोंड उघडंना." मामांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "तुला अंजिरी आवडायचं. रेवणसिद्धाच्या जत्रंत ह्या रंगाच्या रिबिनीसाठी धुळीत लोळलीवतीस."

"तुझ्या ध्यानात हाय?"

"तुझ्यापायी मी बी मार खाल्लाय आबाचा. ध्यानात न्हाई राहणार?"

अक्का उठल्या. साडी काखेत मारली आणि आत निघाल्या.

"अक्का, ती कशासाठी आणली ठाऊक हाय न्हवं तुला?" मामा घाबरून म्हणाले.

"ठाऊक हाय. मढ्याला काय कळतंय, अंजिरी हाय का पांढरी? जित्तेपणी नेसले तर मला तरी दिसंल."

नेसून बाहेर आल्या तेव्हा काठ पावलांवर बरोबर बसले होते. इतक्या वर्षांनी माहेरचं नेसल्या होत्या. मी त्यांना इतकं सुंदर कधी बघितलं नव्हतं, आणि तसं म्हटलंही त्यांना, तिथल्या तिथं. न सांगता ठेवलेल्या गोष्टी त्या दिवशी पुरेशा ऐकल्या होत्या. शेवटी तीच साडी त्यांच्यासोबत गेली. मामांनी त्या वेळी दुसरी आणली नाही. म्हणाले, तिचं आधीच आणून ठेवलंय मी. पण ते पुढचं.

"हेमा, ओवाळायचं ताट कर," अक्का म्हणाल्या.

"वाढदिवस तुमचा आहे. तुम्ही बसा पाटावर, मी ओवाळते."

"मी ओवाळणार हाय. दिन्या, बस पाटावर. टोपी घाल." त्यांनी निरांजन हातात घेतलं. "लई वर्षं त्या चंद्राला ओवाळलं. त्यानं कधी एक चिंधी दिली न्हाई."

मामांनी टोपी घातली आणि लहान मुलासारखे डोळे मिटून बसले. ओवाळून झाल्यावर खिसे चाचपायला लागले, तर अक्का म्हणाल्या, "राहू दे. ओवाळणी नेसलीय मी."

मग दोघं एका ताटात जेवले. दुपारच्या पुरणपोळ्या. मामा म्हणाले, भाकरी फोटोत दिसते त्यापेक्षा मोठी असते काय गं तुझी? मांजर कुठाय? जास्वंदीला आता किती फुलं येतात? त्यांना सगळं माहीत होतं. रोजची एकेक गोष्ट त्यांनी बघितली होती आणि मनात ठेवली होती. अक्का ऐकत होत्या आणि त्यांच्या पानात तूप वाढत होत्या, मामा नको नको म्हणेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा निघाले. उंबऱ्यापर्यंत आले, चपला घातल्या आणि थांबले. अक्काही बोलायच्या थांबल्या. मी हातातली डब्याची पिशवी तशीच धरून उभी राहिले. घरात त्या क्षणाला आम्हा तिघांना एकच शब्द ऐकायचा होता.

"येतो, अक्का," मामा म्हणाले.

"ये," अक्का म्हणाल्या.

रिक्षा वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. मग आत येऊन सोप्यात बसल्या. अंजिरी साडी अजून सोडलेली नव्हती. समोरच्या भिंतीवर त्यांचा फोटो, त्यावर झेंडू माना टाकून लोंबत होता. त्या बराच वेळ फोटोकडं बघत बसल्या. मी केर काढत होते.

"हेमा, तो हार काढ गं आता. बरं दिसत न्हाई ते."

मी स्टुलावर चढून हार काढला. देवाचा नाही, पण बायांनी हौसेनं घातलेला, लगेच टाकवेना. "कुठं ठेवू?" मी विचारलं.

"त्या दाराआडच्या खिळ्याला अडकव. तिथली छत्री काढ जरा."

मी दार ओढलं. छत्रीमागं लांबलचक, मजबूत खिळा होता. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथंच होता. मी हार हातात धरून वळले आणि अक्कांकडं बघितलं.

अक्कांनी मांडीवरचा अंजिरी पदर नीट केला, काठावरची सुरकुती बोटानं सरळ केली आणि म्हणाल्या,

"बघतीस काय अशी? चहा टाक."